पाळण्यातला तेरडा

१

सकाळी चुलीवरचं दूध वर यायला आणि मागच्या पडवीत पेटी वाजायला एकच गाठ पडायची. भागीरथीबाई फडक्यानं पातेलं उतरवता उतरवता करवादायच्या, "झालं सुरू! घरातल्या माणसांना अजून कॉफी नाही, आणि झाडांना गाणं!"

कानडी मुलखातल्या बसवनगुडीच्या त्या घरात गुंडूरावांचं हे खूळ शिरलं ते एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात. तारखात्यातून पेन्शनीत निघाल्यापासून माणूस एका जागी स्वस्थ म्हणून बसला नव्हता. आधी होमिओपॅथी झाली. मग मधमाश्या पाळल्या, त्या साऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना चावून एके दिवशी आपणहून निघून गेल्या. आणि आता कुठल्याशा पेपरात वाचलं की दक्षिणेत कुणी प्रोफेसर झाडांना वीणा ऐकवतात आणि झाडं तरारून वाढतात. झालं! न्हाणीघराच्या भिंतीच्या अलीकडे, म्हणजे पडवीत, तेरड्याच्या कुंड्यांची एक रांग, पलीकडे दुसरी. अलीकडच्यांना गाणं, पलीकडच्यांना काही नाही. बंद पडलेल्या कुठल्याशा नाटक कंपनीतले आप्पाजी रोज सकाळी येऊन पेटी वाजवायचे, उप्पीट खायचे, दोनदा कॉफी प्यायचे आणि जायचे. गुंडूराव फूटपट्टी घेऊन रोपांपुढे उकिडवे बसायचे. फरक? काडीचा नाही. दोन्ही रांगा सारख्याच मरतुकड्या.

"वाढलं फक्त आप्पाजींचं पोट," भागीरथीबाई म्हणायच्या.

त्यांचा जीव खरा टांगणीला लागला होता तो निराळ्याच गोष्टीसाठी. सून अहल्या पोटुशी होती. आधीचं एक सातव्या महिन्यात गेलं होतं. पोरीला आई नाही, म्हणजे माहेर असून नसल्यासारखं. बाळंतपण इथेच व्हायचं होतं. लेडी डॉक्टरनं बजावलं होतं, या वेळी फार जपा. उमाकांत, त्यांचा मुलगा, यशवंतपूरच्या कारखान्यात दिवसभर. म्हणजे जपायचं कुणी? भागीरथीबाईंनी. आणि घरात हा पेटीचा ताप!

२

आषाढात सातवा महिना सुखरूप सरला, तेव्हा भागीरथीबाईंना थोडा धीर आला. वाळवी लागली असली तर वेळेवर कळावं म्हणून त्यांनी माळ्यावरचा सागवानी पाळणा उतरवून घेतला, पुसूनबिसून तेल लावलं आणि हवा लागायला पडवीतल्या कड्यांना टांगून ठेवला.

गुंडूराव पट्टी घेऊन आले आणि जाता जाता त्यांनी पाळण्याला झोका दिला.

"अहो!" भागीरथीबाई एवढ्या जोरात ओरडल्या की आतून अहल्या बाहेर आली. "रिकामा पाळणा हलवतात का कुणी? घरात पोटुशी पोर आहे, एवढंही कळू नये?"

"बरं, बरं. रिकामा नको ना?" गुंडूराव हसले. त्यांनी रांगेतली एक कुंडी उचलली आणि पाळण्यात नीट मधोमध ठेवली. "आता झाला भरलेला? सरी, बरोबर ना? नुसत्या गाण्यानं काही होत नाही, हालचालही पाहू दे की. तू स्वल्प दोरी धर, मी वेळ लावतो."

भागीरथीबाईंना कळेना, हसावं की कपाळ बडवावं. पण विचार केला तर त्यात वावगं काही नव्हतं. पाळणा रिकामा नव्हता. नियम कुठे मोडला? शिवाय नाही म्हटलं तर हा माणूस दुपारभर तोंड पाडून बसणार, रक्तदाबाची गोळी घेणार नाही, आणि तो ताप वेगळा. त्यांनी वैतागून दोरी हातात घेतली.

आता पाळण्याची दोरी हातात आली की बाईमाणसाच्या तोंडून काय निघणार? त्यांच्या आजीचा एक पाळणा होता, संथ चालीचा. तो त्यांनी उमाकांतला म्हटला होता, त्याच्या बहिणीला म्हटला होता. तोच आपसूक सुरू झाला. त्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाळाचं नाव घ्यावं लागतं. नाव घेतल्याशिवाय चाल पुढे सरकतच नाही, तिथेच अडते. पहिल्या कडव्यापाशी त्या अडल्या. आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नरहर."

हे नाव त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मामंजींचं नाव, नातू झाला तर ठेवायचं म्हणून मनात जपलेलं. दृष्ट लागू नये म्हणून सुनेलासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि ते पहिल्यांदा ऐकवलं कुणाला? कुंडीला! त्यांनी जीभ चावली. पण गुंडूराव पट्टी हलवत म्हणाले, "छान, छान. थांबू नकोस."

३

आठवड्याभरात त्या एका कुंडीतला तेरडा वीतभर वर आला. बाकीच्या जिथल्या तिथे. गुंडूरावांना स्वर्ग दोन बोटं उरला. आप्पाजींना रजा मिळाली, आणि रोज दुपारी जेवणं आटोपली की हाक येऊ लागली, "अगं, येतेस ना?"

"मला भांडी आहेत, निवडणं आहे, सुनेचे पाय चेपायचे आहेत!"

"पाचच मिनिटं."

त्या जायच्या. शिव्या घालत जायच्या, पण जायच्या. खरं सांगायचं तर त्यांनाही ते रोपटं आवडू लागलं होतं. खोड जाड, पाणीदार, मुळाशी तांबूस, पानं हिरवीगार. एवढं रसरशीत झाड त्या घरात आजवर कुणाच्या हातून झालं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकली. पडवी पूर्वेला उघडी, ऊन तिकडून. बाकीच्या कुंड्यांतली रोपं शहाण्यासारखी उजेडाकडे कलली होती. हे एकटं आत, स्वयंपाकघराच्या दाराकडे कललं होतं. त्यांनी कुंडी फिरवून ठेवली. दुपारी येऊन पाहिलं तर शेंडा पुन्हा दाराकडे. पुन्हा फिरवली. त्या आत फोडणी देत होत्या, गुंडूरावांना काही सांगायला म्हणून दारात आल्या, तर समोर सगळी पानं त्यांच्याकडे तोंड करून.

"तुम्ही फिरवलीत का हो कुंडी?"

"मी कशाला फिरवू? प्रयोगात ढवळाढवळ चालत नाही."

चुलीची ऊब लागत असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. झाडाला काय, ऊब आणि उजेड सारखंच. मग त्यांनी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

त्याच दिवशी संध्याकाळी पाय चेपून घेताना अहल्या म्हणाली, "आई, एक गंमत सांगू? तुम्ही दुपारी पाळणा म्हणता ना, तेवढा वेळ हे अगदी गप्प असतं. एरवी दिवसभर लाथा मारतं. तुमचा आवाज सुरू झाला की पोटात कुणी नाहीच असं वाटतं."

"निजत असेल," भागीरथीबाई म्हणाल्या. "निजवायलाच असतो पाळणा." पण त्यांचा हात मध्येच थांबला होता. त्यांनी तो मुद्दाम पुन्हा चालवला.

४

ऑगस्टात लालबागेतल्या काचघरात फुलांचं प्रदर्शन भरायचं. गुंडूरावांनी तेरडा तिथे ठेवायचं ठरवलं. झाडाला एव्हाना गुलाबी फुलं लगडली होती. घोड्याचा जटका बोलावला, कुंडीभोवती जुनी चादर गुंडाळली आणि सकाळीच स्वारी निघाली. भागीरथीबाई म्हणाल्या, चला, दोन दिवस तरी डोक्याचा ताप गेला.

दुपारी अहल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. "आई, सकाळपासून हललं नाही."

भागीरथीबाईंनी सुनेला डाव्या कुशीवर निजवलं, साखरपाणी दिलं, पोटाला हात लावून बसून राहिल्या. पोट नुसतं जड. रिक्षा करून दोघी डॉक्टरणीकडे गेल्या. तिनं नळी लावली आणि म्हणाली, "ठोके आहेत. जरा हळू आहेत, पण आहेत. वाट पाहू." वाट पाहू! मागच्या वेळीही हेच शब्द होते. घरी येताच अहल्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. दुपार झाली, आणि भागीरथीबाईंच्या डोक्यात जे आलं त्याचा त्यांना स्वतःलाच राग आला. काय हा वेडेपणा! शिकल्यासवरलेल्या घरातली बाई मी. पण पायात चपला घालून त्या निघाल्यासुद्धा. शेजारच्या बाईंना सुनेजवळ बसवलं आणि जटक्यानं लालबाग गाठली.

काचघरात ही गर्दी. उजेड वरून, चहूकडून येत होता, आणि मांडणीवर ठेवलेली झाडं सरळ उभी होती. त्या अजून दारातून पुरत्या आतही आल्या नव्हत्या. लांबवरच्या रांगेत एकच तेरडा दाराकडे ओणवा झालेला त्यांना दिसला. रांगेतल्या बाकीच्या फुलांवर वाकणारी माणसं मध्ये येत होती, जात होती. त्या डावीकडच्या वाटेनं गेल्या. जवळ पोचल्या तेव्हा शेंडा डावीकडे होता.

"अगं, तू इथे?" गुंडूराव खुशीत म्हणाले. "उद्या परीक्षक येणार! सगळे विचारतायत, खत काय घालता."

"कुंडी घरी न्यायची आहे."

"काय?"

"आत्ता. उचला म्हणते ना!"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? उद्या बक्षीस—"

"आग लागो तुमच्या बक्षिसाला!" चार माणसं वळून पाहू लागली. भागीरथीबाईंनी पदर खोचला आणि कुंडी स्वतःच कडेवर घेतली. वाटेत जटकेवाल्याला त्या सारख्या सांगत होत्या, "स्वल्प हळू, अण्णा, स्वल्प हळू." गाडी खड्ड्यात आदळली की त्यांचा हात आपोआप खोडामागे जायचा.

पडवीत पाऊल ठेवलं आणि आतून अहल्याचं हसणं ऐकू आलं, रडण्यात मिसळलेलं. "आई! आई, हललं हो! आत्ता, या क्षणी हललं!"

गुंडूराव नंतर चार दिवस बायकोशी बोलले नाहीत. भागीरथीबाईंना ते एक सुखच झालं.

५

भाद्रपदात अहल्या मोकळी झाली. मुलगा. वजन चांगलं, रंग उजळ, हातपाय धडधाकट. फक्त रडला नाही. नर्सनं उलटा धरला, पाठीवर चापट्या मारल्या. त्यानं श्वास घेतला, डोळे उघडले, पण आवाज म्हणून काढला नाही. डॉक्टरणीनं सगळं तपासलं. "घसा ठीक आहे, छाती ठीक आहे. काही मुलं शांत असतात. रडेल."

तो रडला नाही. भूक लागली तरी नाही, ओला झाला तरी नाही. दूध तोंडात सोडलं की घ्यायचा, नाही सोडलं तर पडून राहायचा. अहल्या त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. "आई, हा रडत का नाही हो? ह्याला काही झालंय का? खरं सांगा." तिला नीट दूध येईना, झोप लागेना. आधीचं गेलं तेव्हा ती अशीच होत चालली होती. भागीरथीबाई तिला म्हणायच्या, "अगं, रडणारी पोरं असली की आया रडतात, तुझं नशीब चांगलं." आणि मोरीत जाऊन डोळे पुसायच्या.

पाळणा आता आतल्या खोलीत होता. तेरडा विहिरीच्या कट्ट्यावर.

तान्ह्या पोराच्या मुठी घट्ट वळलेल्या असतात, हे काय भागीरथीबाईंना कुणी शिकवायला हवं होतं? याचे तळवे उघडे असायचे. पाळण्यात बघावं तर दोन्ही तळवे खिडकीकडे, बोटं पसरलेली. त्यांनी पाळणा फिरवून टांगला. दुपारी पाहिलं तर मान, छाती, तळवे, सगळं पुन्हा खिडकीच्या बाजूला. हाक मारली तर डोळा हलत नव्हता. दार लावून खोली अंधारी केली की बोटं हळूहळू मिटायची. डॉक्टरणीला सांगितलं तर ती हसली. सगळीच मुलं उजेडाकडे बघतात, म्हणाली.

बारसं ठरलं. उमाकांतची बहीण हुबळीहून आली. भागीरथीबाईंनी आदल्या दिवशी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "नरहर नको. दुसरं कुठलंही ठेवा."

उमाकांत वैतागला. "आई, काय चाललंय तुझं? बाबांनी तेच नाव सगळ्यांना सांगितलंय. तूच तर रोज पाळण्यात म्हणत होतीस म्हणाले!"

बारशाला घर बायकांनी भरलं. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीवर बुक्क्या बसल्या, सगळ्या हसल्या. मग बायका पाळणा म्हणू लागल्या, आणि भागीरथीबाई हळदीकुंकवाचं तबक आणायला म्हणून मागे आल्या.

मागच्या अंगणात वारा नव्हता. दोरीवरचं धुणं सरळ लोंबत होतं. कट्ट्यावरचा तेरडा घराकडे कलला होता, आणि डुलत होता. आत पाळण्याला झोका बसला की इकडे, परतला की तिकडे. नरहर, असं बायका एका सुरात म्हणाल्या, तशी खालपासून वरपर्यंत सगळी पानं उलगडून उभी राहिली.

त्या तबक न घेताच आत गेल्या. पाळण्यात बाळ सगळ्यांकडे पाठ करून खिडकीतल्या उन्हाला तळवे दाखवत पडलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी अहल्या उठून बसली ती काही खाईना. "माझ्या पदरात दिलंय ते माझं बाळ नाही असं वाटतं," ती शांतपणे म्हणाली, आणि पोराला खाली ठेवून भिंतीला टेकली.

बस्स! भागीरथीबाईंचा सगळा वैताग त्या क्षणी एका जागी गोळा झाला: नवऱ्याचं खूळ, पेटी, पट्टी, स्वतःचीच सैल जीभ. एका भिकार रोपट्यासाठी घर असं बसायला निघालं होतं. त्या तरातरा मागे गेल्या. उपटून टाकते मेल्याला, म्हणजे संपलं. त्यांनी खोड मुळाशी पकडलं. सकाळच्या गारव्यातही ते कोमट होतं, अंगासारखं. त्यांनी डोळे मिटून ओढलं. माती फुगली, आत कुठेतरी एक मूळ तुटल्याचं हाताला जाणवलं.

घरातून टाहो आला.

तान्ह्या पोराचा टाहो, चांगला खणखणीत. "रडला! रडला!" उमाकांत ओरडला. भांडं पडलं, धावपळ झाली, अहल्या हसत होती, हुंदके देत होती, "अगं माझ्या राजा, ये, ये" म्हणत होती.

भागीरथीबाईंनी हात सोडला. टाहो थांबला.

योगायोग असेल. असायलाच हवा. त्या स्वतःवरच चिडल्या, आणि केवळ तेवढं सिद्ध करायला म्हणून त्यांनी एका चिमटीत खोड धरून अगदी हलकेच वर उचललं. आतून पुन्हा तोच आवाज आला. या वेळी त्यात दुखणं होतं. आईला ते कळतं, आजीला त्याहून जास्त कळतं.

त्यांनी माती परत लोटली, दोन्ही हातांनी घट्ट दाबली. विहिरीचं पाणी ओंजळीनं घातलं. तोंडातून पाळण्याची चाल कधी निघाली ते त्यांना समजलं नाही. शेंडा हळूच त्यांच्या तोंडाकडे वळला.

गुंडूराव मागून आले, आनंदानं नुसते फुललेले. "ऐकलंस ना? आवाज बघ कसा आहे! अगं, आणि आज पाणी कशाला घालतेस त्याला? त्याचं झालं आता. फुलं गळली, बोंडं धरलीत बघ. खालची पानं पिवळी पडायला लागली."

भागीरथीबाईंनी पाहिलं. खालची दोन पानं पिवळी होती. आतून अहल्या हाक मारत होती, "आई, लवकर या ना, पुन्हा गप्प झाला हो!"

"अहो," भागीरथीबाईंनी विचारलं, "हा किती दिवस राहतो?"

"तेरडा? एका पावसाळ्याचं झाड ते. दिवाळीपर्यंत कसंबसं उभं राहील."

"आणि मग?"

"मग काय?" गुंडूराव म्हणाले. "पुढच्या वर्षी दुसरं लावू."